नानकटाईचा डबा आणि तीन मुलखांच्या भट्ट्या

माझं नाक साधं नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, म्हात्रे फेकतोय.

तीस वर्षं मी बर्नर दुरुस्त करतोय. पनवेल, कळंबोली, रोडपाली, पार उरण-द्रोणागिरीपर्यंत जिथे जिथे चार माणसांसाठी काही शिजतं, उकळतं, वाफारतं, तिथे माझा पाना फिरलेला आहे. पनवेलच्या हॉस्पिटलात बाळ जन्मलं की त्याची दुपटी ज्या डिझेलच्या बॉयलरवर धुतात तो बॉयलर माझ्या हाताखालचा. त्याच्या लग्नात मसालेभाताचं पातेलं ज्या गॅसवर चढतं ती शेगडी माझी. आणि शंभरी भरल्यावर त्याला ज्या दाहिनीत सरकवतात, तिचा बर्नरही मीच साफ करतो. गिऱ्हाईक माझ्या हातून शेवटपर्यंत सुटत नाही.

आता नाक. डोळे बांधून मला कुठल्याही हॉटेलच्या मागच्या दाराशी उभं करा. आत डिझेल जळतंय, सिलिंडर आहे, पाइपचा गॅस आहे की लाकूड, दोन श्वासांत सांगतो. पूर्वी कोळसा कुठल्या खाणीचा तेही सांगायचो, पण लोक उगाच पाया पडायला लागले म्हणून सोडलं. उरणच्या बाजूला आकाशात गॅस प्रकल्पाची ती ज्योत दिसते ना, ती जरा तिरकी जळली तरी पनवेलात मला शिंक येते.

तर हे नाक, मी आणि युसुफचाचा असे तिघे यंदा गणपती उठल्या-उठल्या परदेशी जाऊन आलो.

पनवेल

युसुफचाचा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीचे मालक. वय सत्तरीच्या पलीकडे, आवाज मात्र भोंग्यासारखा. त्यांच्या आजोबांनी बांधलेली विटांची भट्टी अजून चालू आहे. हत्ती आडवा झोपेल एवढी मोठी. भल्या पहाटे लाकूड पेटवायचं, निखारे बाजूला ओढायचे, मग पाव, बटर, खारी. हे झालं रोजचं. खरी गंमत दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात. सकाळचे पाव निघाले की भट्टी हळूहळू उतरायला लागते. त्या उतरत्या उबेवर अख्ख्या गावाच्या नानकटाया भाजल्या जातात. बायका घरून पीठ मळून, गोळे वळून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून आणतात आणि चाचांच्या दारात रांग लावतात. नावाच्या चिठ्ठ्या भट्टीत जळून जातात, म्हणून प्रत्येकीची खूण ठरलेली. प्रधानकाकू मधोमध एक चारोळी दाबतात, शेखांची सून शिवणाच्या अंगुस्तानाने गोल उठवते, आणि आमची सुनंदा, म्हणजे आमची ही, अंगठा असा दाबते की पोलिसांनी ठसा घ्यावा. चाचा शंभर ट्रेमधून कुणाची कुठली ते एका नजरेत ओळखतात.

आणि मग महापालिकेची नोटीस आली. बेकऱ्यांची लाकडाची भट्टी बंद, दिवाळीपर्यंत गॅस किंवा वीज. धुराबद्दल वाद नव्हता. समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत वाळत घातलेले पांढरे शर्ट राखाडी म्हणूनच घालायची.

मी लगेच कॅटलॉग घेऊन हजर. स्टीलचा ओव्हन, काचेचं दार, बटण दाबलं की उष्णता, बटण दाबलं की बंद. चाचांनी ते चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं.

"दिन्या, हे तर कपाट आहे."

"चाचा, हॉटेलांतून हेच असतं आता."

"त्यात पाव ठेवायचे का पायजमे?"

"बटण बंद केलं की पाच मिनिटांत थंड होतं. गॅस वाया जात नाही."

तिथेच मी फसलो. चाचांनी चष्मा काढला. "पाच मिनिटांत थंड? मग दुपारच्या ट्रेचं काय? माझ्या दारात ज्या बायका येतात त्यांना काय सांगू, कपाटाला झोप आली?"

भट्टीवर टेकून चाचा म्हणाले, "नानकटाई होणार नसेल तर शटर ओढतो. पाव काय, कुठेही मिळतात."

एवढं बोलून त्यांनी कॅटलॉग मिटून माझ्या हातात दिलं. सकाळी मी सौदा टाकला. चाचांचा पुतण्या सलीम शारजाला मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात आहे, तिथे हेच कपाट आहे. तिथे जाऊन नानकटाई भाजून बघू. चाचांनी उलटा सौदा टाकला. सलीमबरोबर काम करणारा इद्रीस नावाचा मोरोक्कोचा माणूस आहे, त्याच्या फेज गावात म्हणे आजही बायका घरून पीठ घेऊन गल्लीतल्या भट्टीवर येतात, आणि तिथेही हल्ली सगळं बदलतंय. "आधी तुझं कपाट बघतो," चाचा म्हणाले, "मग माझी गल्ली. दोन्हीकडे जमलं नाही तर भट्टी फोड, पावापुरतं तुझं कपाट बसव."

भट्टी फोडायला भोला मिस्त्रीला सांगून ठेवलं. सोमवारी, दुपारी दोनला. तोवर चाचांचा फोन आला तर थांबायचं, नाही आला तर घण घालायचा. नवा ओव्हन बसवून दिवाळी गाठायची म्हणजे त्याहून उशीर परवडणार नव्हता. बेकरीची किल्ली सुनंदाकडे दिली. तिने ती कमरेला खोचली आणि मला एवढंच विचारलं, "तारीख कोनी काढली?"

"मी."

"दिसतंय," म्हणाली.

त्या एका शब्दात काय होतं ते मला पुढे तिकडे सातासमुद्रापार कळलं.

शारजा

स्टीलच्या मोठ्या डब्यात चाचांनी पनवेलात मळलेलं पीठ भरून घेतलं होतं. मैदा, तूप, पिठीसाखर, रवा, वेलची. सोडा तेवढा वेगळ्या पुडीत, ऐन वेळी घालायचा म्हणून. शारजाच्या विमानतळावर एका उंच अधिकाऱ्याने डबा उघडला. पांढरा गोळा. वर पांढऱ्या पुडीत पांढरी पूड. माझ्या डोळ्यांपुढे पुढची वीस वर्षं उभी राहिली. चाचांनी मात्र शांतपणे चिमूटभर पीठ घेऊन स्वतःच्या तोंडात टाकलं आणि एक चिमूट त्याच्यापुढे धरली. साहेबाने खाल्लं. परत खाल्लं. मग त्याने दुसऱ्या साहेबाला बोलावलं. मी शपथेवर सांगतो, तिथून सुटलो तेव्हा डबा दोन बोटं उतरला होता आणि आमच्यामागे रांगेत सात अधिकारी उभे होते.

सलीम गाडी घेऊन आला होता. बाहेर अशी गरमी की सावलीसुद्धा माणसाच्या पायाखाली घुसून बसते. आणि आत? हॉटेलात शिरलो आणि माझे दात वाजायला लागले. सलीमने मला गच्चीवरची यंत्रं दाखवली. एकेक यंत्र आमच्या बेकरीएवढं. हवा गार करायचं काम रात्रंदिवस चालू. वीज कशावर, विचारलं, तर मुख्यतः गॅसवर.

"म्हणजे तुम्ही आग लावून थंडी करता?" मी म्हणालो.

"चाचू, आपल्याकडे हॉस्पिटलमध्ये तुम्ही डिझेल जाळून जनरेटर चालवता, त्यावर एसी लागतो, ते काय वेगळं?" सलीम हसला. पोरगा इकडे राहून धारदार झालाय.

त्या हॉटेलात मी नाकाची चुणूक दाखवली. धोबीघराच्या दाराबाहेर डोळे मिटून सांगितलं, "पाइपचा गॅस." बरोबर. मागच्या अंगणात, "डिझेल, जनरेटर, काल चाललाय." बरोबर. तेवढ्यात तिथे इद्रीस आला. उंच, कुरळ्या केसांचा, आमच्या माणसांबरोबर राहून शिकलेली हिंदी बोलणारा. मला बघून म्हणाला, "ये आदमी है कि मशीन?" माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं एक बटण शारजातच राहिलं.

"हे नाक चुकलं तर मिशी उतरवीन," मी जाहीर केलं. ही मिशी म्हणजे लग्नाच्या आधीपासूनची. चाचा गालात हसले.

मग कपाट. सलीमने बटणं दाबली, आकडे लावले, काचेच्या दारातून आत दिवा लागला. चाचांनी गोळे वळून ट्रे भरला. आम्ही तिघे-चौघे काचेसमोर टीव्ही बघावा तसे उभे. घंटी वाजली. ट्रे बाहेर आला. सगळ्या नानकटाया एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, गुळगुळीत. एकीलाही भेग नाही. कोटाची बटणं जशी.

सलीम खूश. "चाचू, बघ, एकदम फाइव्ह स्टार!"

चाचांनी एक उचलली, मोडली, अर्धी खाल्ली.

"बिस्कीट चांगलं आहे," चाचा म्हणाले.

बिस्कीट. चाळीस वर्षं नानकटाई विकणारा माणूस समोरच्या ट्रेला बिस्कीट म्हणाला. सलीमला कळलं नाही, तो थँक्यू म्हणाला. मी डब्याचं झाकण लावलं. आत अर्धं पीठ उरलं होतं.

फेज

इद्रीसची सुट्टी लागली होती, तोच आम्हाला घेऊन गेला. शनिवारी दुपारी फेजला उतरलो. तिथलं जुनं गाव म्हणजे भिंतीच्या आत कोंबलेलं वारूळ. गाडी जात नाही, रिक्षा जात नाही. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने श्वास आत घ्यावा लागतो. आणि ह्या गल्ल्यांतून गॅस कसा पोहोचवतात? गाढवावरून! खोटं वाटत असेल तर माझ्या बरगड्यांना विचारा. मी एका दारावरचं नक्षीकाम बघत उभा, मागून "बालाक! बालाक!" अशी आरोळी. म्हणजे बाजू व्हा. मला वाटलं कुणी कुणाला हाक मारतंय. वळून बघतो तर दोन्ही कुशींना सिलिंडर लटकवलेलं गाढव माझ्या अंगावर. मी भिंतीला असा चिकटलो की माझा छाप तिथे अजून असेल. सिलिंडर पोटाला घासत गेले, एक, दोन, तीन, चार. गाढवाने जाताना माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच वाटेत दुकान मांडलंय.

आपल्याकडे टेम्पो येतो, सिलिंडर आपटत उतरवतात, पावतीसाठी ओरडाआरडा. इथे तीच आग चार पायांवर येते. हॉटेलं, खानावळी, न्हाव्याची दुकानं, सगळी त्याच्यावर. आम्ही उतरलो होतो त्या घरगुती लॉजमध्येही आंघोळीच्या गिझरला गॅसची एक बाटली जोडलेली. मी अंगभर साबण लावला आणि बाटली संपली. नळातून जे पाणी आलं ते थेट बर्फाच्या डोंगरावरून निघालेलं असणार. मी ओरडलो ते ऐकून शेजारच्या गल्लीत कुणीतरी दार लावून घेतलं.

रविवारी सकाळी इद्रीसने बिसारा खायला नेलं. सुक्या घेवड्यासारख्या दाण्यांचं दाट सूप, वर तेलाची धार आणि जिरं. एक घास घेतला आणि मी चमच्याकडे बघत राहिलो. वालाचं बिरडं कुणीतरी घोटून ठेवलंय! फक्त नारळ विसरले. दुपारी आपल्या कोळणीकडे असतात तशा तारल्या, मसाला लावून दोन दोन एकत्र चिकटवून तळलेल्या. मी नऊ खाल्ल्या असं मी सांगतो, चाचा चौदा सांगतात. ह्या बाबतीत चाचांवर विश्वास ठेवा.

मग भट्टी. इद्रीसच्या गल्लीच्या टोकाला पाच पायऱ्या उतरून अंधाऱ्या खोलीत शिरायचं. आत गुडघ्याएवढ्या खड्ड्यात उभा राहून भट्टीवाला सी अब्दू, म्हणजे आपल्याकडचा अब्दूभाई, काम करत होता. साठीचा, डोक्याला फडकं, हातात होडीच्या वल्ह्याएवढी लांब दांड्याची फळी. आणि दारात काय होतं सांगू? बायका! डोक्यावर, कमरेवर लाकडी फळ्या, फळीवर कापडाखाली फुगलेल्या चपट्या भाकऱ्या. कुणी बोटाने तीन खळगे केलेले, कुणी काट्याने टोचलेलं, कुणाच्या कडेला चिमटा. सी अब्दू बघायचा, आत सरकवायचा, आणि निघाली की नाव न विचारता ज्याची त्याला.

चाचांनी माझा दंड इतका दाबला की निळा पडला. "दिन्या, हे बघ. हे बघ! हा तर आपलाच धंदा!"

एक आजीबाई सी अब्दूवर तडकली होती. इद्रीसने सांगितलं, "बोलती है, कल मेरी रोटी ज़्यादा लाल किया, मेरे दाँत तेरे बाप ने दिये क्या?" चाचा पोट धरून हसले. "प्रधानकाकूंची बहीण दिसते."

मी मात्र नाक वर केलं. खोलीभर धुराचा गोडसर वास होता. बाहेर दाराशेजारी ऑलिव्हच्या वाळक्या फांद्यांचा ढीग मी येतानाच टिपला होता. मी डोळे मिटले. "लाकूड. ऑलिव्हचं. दोन वर्षं वाळवलेलं. चाचा, इथे काही बदललेलं नाही. इथून आपल्याला काही मिळणार नाही, लाकडाची भट्टी तर आपली आपल्याकडे आहेच."

चाचांनी भट्टीच्या तोंडात वाकून बघितलं. निघालेली एक भाकरी उलटी करून बघितली. मग म्हणाले, "लाकूड नाही."

"पैज?"

"मिशी," चाचा म्हणाले.

सी अब्दूला गर्दीत बोलायला फुरसत नव्हती. त्याने इद्रीसला सांगितलं, उद्या सकाळी भाकऱ्या आटोपल्या की पाहुण्यांचं पीठ घेऊन ये. त्याच दिवशी मी एक उपकार केला. संध्याकाळी चाचा वजूला गेले तेव्हा त्यांचं मनगटी घड्याळ खाटेवर होतं, आणि बघतो तर साडेचार तास पुढे! म्हटलं, म्हातारा माणूस, घड्याळ बिघडलेलं दिसतंय. नीट लावून ठेवलं. सांगितलं नाही. मी उपकार बोलून दाखवत नाही.

सोमवारी सकाळी भट्टीवर पोहोचलो. शेवटची भाकरी निघाली. सी अब्दू खड्ड्यातून वर आला, बाजूच्या कोनाड्यात हात घातला आणि काहीतरी पिळलं. एक बारीकसा फुस्स आवाज बंद झाला.

तो आवाज बंद होईपर्यंत तो चालू होता हे मला कळलंच नव्हतं. तीस वर्षं ज्या आवाजावर पोट भरलं तो! कोनाड्यात रांगेने चार सिलिंडर उभे. त्यातून लोखंडी नळी भिंतीतून आत, भट्टीच्या कुशीत.

"पण वास?" मी म्हणालो. "बाहेर लाकडं?"

इद्रीसने पलीकडच्या भिंतीवर थाप मारली. "वो हम्माम का है. बाजू में गाँव का नहाने का जगह. उनका पानी लकड़ी पे गरम होता है. धुआँ इधर आता है."

म्हणजे मी शेजाऱ्याचा वास घेऊन ह्याची चूल ओळखत होतो. चाचा हळूच म्हणाले, "काल पंधरा भाकऱ्या निघाल्या दिन्या. एकीच्याही बुडाला राखेचा कण नाही. नाकाने काय बघतोस, डोळे दिलेत अल्लाने."

मिशीचं दुःख करायला वेळ नव्हता. सी अब्दूने पिठाची चिमूट घेतली आणि भट्टीच्या तळावर भुरभुरली. ओठ हलवत मोजायला लागला. मी चाचांकडे बघितलं. चाचांचेही ओठ हलत होते. आमच्या बेकरीत अगदी हेच करतात! बिस्मिल्ला सात वेळा म्हणायचं. पीठ काळं पडलं तर थांबा, पांढरं राहिलं तर उशीर झाला, बदामी झालं की नानकटाई. पीठ काळं पडलं. दोघांनी एकदमच मान हलवली. थोड्या वेळाने परत चिमूट. परत काळसर. दोघे म्हातारे, एकाला दुसऱ्याची भाषा कळत नाही, खड्ड्याच्या काठावर शेजारी बसून पिठाचा रंग बघतायत. तिसरी चिमूट चाचांनी टाकली. सात वेळा. बदामी.

"बस," चाचा म्हणाले. "बस," सी अब्दूही म्हणाला. तो शब्द त्याचा होता की चाचांचा ऐकून उचललेला, कोण जाणे.

ट्रे आत गेला. मी मात्र कोनाड्यात घुसलो. नळीला भोकं कशी पाडलीत, वर विटांचा आडोसा कसा लावलाय, ज्योत तळाला न लागता घुमटाला कशी चाटते, सगळं पिठाच्या कागदी पिशवीवर काढून घेतलं. भट्टी जुनी, सी अब्दूच्या आजोबांच्या वेळची. त्याने एक वीट काढलेली नाही, फक्त आग बदलली. मी इद्रीसकरवी विचारलं, गॅस बंद केल्यावर किती वेळ तापलेली राहते? दुपारच्या नमाजापर्यंत, असं सी अब्दूने खुणेने सांगितलं, आणि पुढे जे बोलला ते इद्रीसने असं सांगितलं: "ईंट को क्या मालूम, किसने गरम किया."

ट्रे बाहेर आला.

मी खूप ठिकाणी खूप काही बघितलंय, त्यातलं निम्मं बघितलेलंच नाही, पण हे खरं सांगतो. प्रत्येक नानकटाईला मधून भेग. कुणाला दोन, कुणाला पाच. कडा बदामी, पोट पांढरं. कुठलीही दोन सारखी नाहीत. वेलचीचा वास हम्मामच्या धुरालाही पुरून उरला. चाचांनी एक उचलली. मोडली. खाल्ली. परत खाल्ली.

"नानकटाई," चाचा म्हणाले.

सी अब्दूने एक तोंडात टाकली आणि डोळे विस्फारून ओरडला, "घ्रिबा!" त्यांच्याकडेही असंच भेगाळलेलं काहीतरी करतात म्हणे. दारातल्या बायका आत घुसल्या, कालची दातवाली आजी सगळ्यात पुढे. चाचा एकेकीच्या हातावर ठेवत होते आणि "नानकटाई, नानकटाई" म्हणत होते, त्या "घ्रिबा, घ्रिबा" म्हणत होत्या, आणि कुणीच माघार घेत नव्हतं.

तेवढ्यात चाचांनी मनगट बघितलं. "दहा वाजले. दोनला अजून चार तास आहेत, पण फोन करून टाकतो भोलाला." मग त्यांची नजर सी अब्दूच्या भिंतीवरच्या घड्याळावर गेली. त्यातही दहा. त्यांनी परत मनगट बघितलं.

"दिन्या. ह्यांच्या भिंतीवर दहा, आणि माझ्या हातावरही दहा? हे घड्याळ मी पनवेलच्या वेळेवर ठेवलं होतं."

मला कालचा माझा उपकार आठवला. पनवेलात अडीच वाजले होते.

चाचा पायरीवर बसले. तो चेहरा मला आठवायचा नाही. हातातली उरलेली अर्धी नानकटाई तशीच धरून बसले. मी इद्रीसचा फोन हिसकावला. बोटं तुपकट, नंबर तीनदा चुकला. चौथ्यांदा सुनंदाने उचलला.

"भोला आला का?" मी किंचाळलो.

"आलाय ना. दोनच्या ठोक्याला. घन घेऊन."

"सुनंदा! भट्टी..."

"कशाला वरडताव? आदी सांगा, जेवलाव का?"

"भट्टी फोडली का?"

"मिशी हाय ना जागेवर? सलीमचा फोन आलेला, पैज लावलीव म्हने."

"सुनंदा!!"

तिने एक मोठा सुस्कारा टाकला. दोन मुलखांतली सगळी माणसं त्या सुस्काऱ्यावर लटकली होती. "तारीख काडतांना पंचांग बगलं व्हतं का? गनपती गेलं म्हंजी काय लागतं? पितृपक्ष! त्यो भोला म्हनतो, भाभी, मला चालतंय. मी म्हनलं, मला नाय चालत. पितरांच्या पंधरवड्यात भट्टीवर घन? आमच्या सासूबाईंच्या नानकटाया पन तितंच भाजल्यात. वरून बगत असतील त्या. किल्ली नाय दिली."

"म्हणजे भट्टी..."

"हाय तशी हाय. भोला ओट्यावर बसून बटर खातंय. चाचांना सांगा, आमी हाव."

फोन स्पीकरवर होता. चाचांनी ते ऐकलं, आणि उरलेली अर्धी नानकटाई तोंडात टाकली. मग भोंगा परत सुरू झाला. पुढची दहा मिनिटं घड्याळ, मी, माझे पूर्वज आणि माझं नाक ह्यांच्याबद्दल ते जे बोलले ते इद्रीसने सी अब्दूसाठी भाषांतर करायला ठाम नकार दिला.

मिशी समोरच्याच न्हाव्याने उतरवली. पाणी सिलिंडरवर तापवलेलं. हे मी वासाने नाही, वाकून बघून सांगतोय.

परत पनवेल

सुनंदाने दार उघडलं आणि विचारलं, "कोन पायजे?"

कपाटाचं कॅटलॉग मी चाचांच्या देखत रद्दीत टाकलं. पिशवीवरच्या चित्रावरून नळी बनवली, आडोसा लावला, ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होईल असा झडपेचा बंदोबस्त माझ्या पदरचा. तपासणीला माणसं आली, बघून सही करून गेली. पहिल्यांदा पेटवली तेव्हा चाचा दूर उभे होते. मी म्हणालो, "चाचा, गॅससुद्धा शेवटी जमिनीखालचाच. उद्या त्याचीही नोटीस येईल."

"येऊ दे. तेव्हा आग बदलू परत," चाचा म्हणाले. "वीट कोण मागतंय?"

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ट्रे आले. पहिल्या दिवशी निम्मी रांग नुसती बघायलाच आली होती. समोरच्या इमारतीत शर्ट पांढरे वाळत होते. पाव निघाले, चाचांनी झडप बंद केली, पिठाची चिमूट टाकली, ओठ हलवले. काळं. थांबले. परत चिमूट. बदामी. ट्रे आत गेले आणि अख्खी रांग भट्टीच्या तोंडाशी वाकली.

बाहेर आले तेव्हा सगळ्यांवर भेगा होत्या. चारोळीचा ट्रे प्रधानकाकूंकडे गेला. काकूंनी नेहमीप्रमाणे आधी वास घेतला, डोळे मिटून, लांब. मग खाल्ली. चाचा उभ्या उभ्या दाराची कडी घासत होते.

"युसुफभाई," काकू म्हणाल्या, "मला फसवू नका. हे लाकडावरचंच आहे. गॅसबीस सगळं त्या ऑफिसवाल्यांना दाखवायला, होय ना? माझं नाक कधी चुकत नाही. हवी तर पैज लावा."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. सुनंदाने माझ्याकडे बघितलं. नाकाखाली तीन आठवड्यांची खुंटं वाढली होती, त्यावरून मी बोट फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही बोललो नाही.